टॉरिन : नंदीच्या पित्तातून पेशीच्या भट्टीत

देवणी बैलाची ओळख बीदर-भालकीकडील वाचकांस करून द्यावयास नको. बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या परिसराचे नावही नंदीनगरच आहे. आज ज्या द्रव्याचा परिचय करून घ्यावयाचा, त्याचे नातेही नंदीशीच आहे. १८२७ साली टीडेमान व ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळे केले. बैल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पुढे त्यास 'टॉरिन' हे नाव मिळाले.

टॉरिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल होय. मात्र प्रथिनांच्या घडणीत ते वापरले जात नाही. हृदय, स्नायू, मेंदू व दृष्टिपटल यांत ते विपुल असते. मांजरास ते शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. आहारातूनही न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते व हृदय दुबळे होते.

पेशीतील ऊर्जेच्या भट्ट्या म्हणजे तंतुकणिका, अर्थात मायटोकॉन्ड्रिया. त्यांची काही प्रथिने त्यांच्यातच घडतात. या कामी लागणाऱ्या काही वाहक आरएनए रेणूंवर टॉरिन जोडलेले असते, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखविले. 'मेलास' या आईकडून येणाऱ्या विकारात ही जोडणी बिघडते, प्रथिनांचा संकेत नीट वाचला जात नाही आणि रुग्णास पक्षाघातासारखे झटके येतात. ते रोखण्यासाठी मोठ्या मात्रेत टॉरिन देण्यास जपानमध्ये २०१९ साली मान्यता मिळाली.

मग वार्धक्यही याने लांबेल काय? २०२३ साली विजय यादव व सहकाऱ्यांच्या प्रयोगात टॉरिन दिलेले उंदीर सुमारे १० ते १२ टक्के अधिक जगले. परंतु २०२५ साली अमेरिकेतील संशोधकांना निरोगी माणसांच्या रक्तातील टॉरिन वयाबरोबर घटते असे आढळले नाही. तेव्हा गोळ्यांची घाई नको.

वनस्पतिजन्य अन्नात टॉरिन जवळजवळ नसते. तरी शाकाहारी घरांनी धास्ती घेऊ नये. आपले यकृत मेथिओनिन व सिस्टीन यांपासून ते तयार करते. डाळीत मेथिओनिन कमी व लायसिन भरपूर. ज्वारीत लायसिन कमी, पण मेथिओनिन त्या मानाने बरे. गुलबर्ग्याच्या तुरीचे वरण व ज्वारीची भाकरी ही जोडी म्हणूनच शहाणपणाची. तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. त्याचे शरीर टॉरिन फारसे घडवू शकत नाही. आईच्या दुधात ते पुरेसे असते, गाईच्या दुधात फार थोडे. अंगावरचे दूध लवकर तोडू नये, यास हेही एक कारण आहे.

राहता राहिली डब्यांतील 'ताकद देणारी' पेये. परीक्षेच्या दिवसांत मुले ती घेतात. त्यांत टॉरिन असले, तरी झोप उडविते ते कॅफिन.