घाम, माती आणि गादी

आमच्या अवसरीकडच्या जत्रांत आखाडा भरतो. तालमीत घाम सुटला की पोरे अंगाला तांबडी माती चोळत, मग पकड निसटत नसे. आता सराव गादीवर. तिथे घाम जिरायला माती नाही. टॉवेल जवळ हवा, गादीही पुसत राहावी लागते. त्यात कमीपणा कसला?

मला राग येतो तो वजन उतरवण्यासाठी पाणी तोडून मुद्दाम घाम गाळण्याचा. १९९७ साली अमेरिकेत या पायी कॉलेजातले तीन मल्ल दगावले, तेही जेमतेम महिनाभरात! घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. तेव्हा पोराच्या पिशवीत टॉवेलाशेजारी मीठ घातलेल्या लिंबू सरबताची बाटली ठेवा. वस्ताद रागावले तर गुरुजींनी सांगितले म्हणा.