आकडा कुणाचा, घर कुणाचं

धर्मराज द्यूतात बायको हरला, तरी पोथीत तो धर्मराजच राहिला. आमच्या केडगावातला हमाल मजुरीतले पन्नास रुपये आकड्याला लावतो, तर तो जुगारी, खालच्या वस्तीतला. ही भाषा मला मान्य नाही. पण म्हणून मटक्याला मी गरिबाची करमणूकही म्हणणार नाही.

धंदा चालतो कसा ते बघा. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडा लागायचा. ते बंद पडलं, तसा 1962 मध्ये कल्याणजी भगतने वरळीत मटका काढला, 1964 मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. गिरणगावाचा पगार त्यात जिरला. तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा आकडा ओपन. पुन्हा तीन, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. जोड्या शंभर, आणि लागली तर रुपयाला नव्वद. म्हणजे शंभर जोड्यांवर शंभर जणांनी रुपया-रुपया लावला, की नव्वद वाटून दहा खायवालाच्या खिशात. घाम नाही, गाळ नाही! जिंकलेलं तू पुन्हा लावतोस. शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्क्याऐंशी. दहा फेऱ्यांत सरासरीने पस्तीसही उरत नाहीत. नवस, स्वप्न, चार्ट, सगळं ह्या दहा रुपयांपुढं फिजूल.

आता कायद्याचं नाटक. 1887 चा इंग्रजांचा कायदा टपरीवरच्या पोराला चिठ्ठ्यांसकट उचलतो. सुटाबुटातला महालक्ष्मीच्या घोड्यांवर लावतो. घोड्यांची शर्यत म्हणजे कौशल्य, असं सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये सांगून टाकलं. सरकारने 1969 मध्ये स्वतःची लॉटरी काढली. 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अंमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. बरं झालं. पण हौशी लोक पणजीला जातातच, मांडवीतल्या जहाजांवर. गोव्याने 2020 पासून गोवेकरांना तिथं खेळायला बंदी केली. विष आहे हे त्यांनाही कळतंय, म्हणून पाहुण्याला पाजतात.

आपल्यातलेच काही म्हणतात, खायवाल जयंतीला वर्गणी देतो, त्याच्याशी वाकडं कशाला? अरे, ती वर्गणी आपल्याच बायांच्या धुण्याभांड्याच्या पैशातली! दहा खायचे, एक परत टाकायचा, आणि मंडपावर नाव त्याचं. यंदा ते नाव लागू द्यायचं नाही, असं मी वस्तीच्या बैठकीत मांडणार आहे. रविवारी समाजमंदिराच्या पायरीवर शंभर चिंचोके घेऊन बसतोय. ज्यांना आकडा 'दिसतो', त्यांनी आधी या.