मोतीबिंदूच्या शिबिराआधीची तीस वर्षे

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून, बहुधा नाकाच्या बाजूने, बुबुळाकडे सरकत येणारा गुलाबी त्रिकोणी पडदा शेतकऱ्याच्या घराला नवा नाही. ‘डोळ्यात मांस वाढलंय’ म्हणत तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. वैद्यकात त्याला टेरिजियम म्हणतात. सुश्रुतसंहितेत ‘अर्म’ या नावाने त्याचे पाच प्रकार आणि तो कापण्याची कृतीही सांगितली आहे. इतका जुना, ओळखीचा आजार आपण आजही म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. तो कामाचा आजार मानला पाहिजे आणि कामाच्या ठिकाणीच त्याला अडवले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

त्याला आधार आपल्याच राज्यातला आहे. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ माणसांची तपासणी झाली, सुमारे १२.९ टक्के लोकांत हा पडदा सापडला. तिशीतल्यांत प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास, सत्तरीतल्यांत सुमारे पंचवीस टक्के. वयाबरोबर वाढतो म्हणून तो वयाचाच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो. पण जगाच्या नकाशावर तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३७ अंशांच्या पट्ट्यात दाटलेला दिसतो, आणि म्हातारे तर त्या पट्ट्याबाहेरही आहेत. जालना जिल्ह्यातले आमचे अंबड साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे पट्ट्याच्या पार आत. इथे माणूस जितका वयस्क, तितकी कापसाच्या, सोयाबीनच्या रानात काढलेली वर्षे जास्त. त्या आकड्यांतले वय हे बहुतांशी साठलेल्या उन्हाचे माप आहे.

ऊन तर सगळ्यांनाच लागते, मग सगळ्यांना का होत नाही, हा प्रश्न रास्त आहे. धूळ, कोरडा वारा, आनुवंशिकता यांचा वाटा नाकारता येत नाही. पण पडदा नाकाच्याच बाजूने का उगवतो, याचे उत्तर धूळ देत नाही. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी ते प्रकाशाच्या वाटेत शोधले. कानशिलाकडून तिरका येणारा प्रकाश बुबुळाच्या वक्र पृष्ठभागातून वळतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो, भिंगाने कागदावर ऊन धरावे तसा. नेमक्या त्या कडेवर बुबुळाचा पृष्ठभाग सतत नवा करणाऱ्या मूळपेशी असतात. म्हणून डोक्यावरच्या उन्हाइतकेच बाजूचे आणि जमिनीवरून उसळणारे ऊनही घातक. आपली गांधी टोपी आणि पटका डोके झाकतात, डोळ्यांवर सावली धरत नाहीत. पुढे ओढलेला पदर थोडे तरी काम करतो, पण वाकून कापूस वेचताना तोही मागे सरकतो.

दुसरा आक्षेप सरकारी हिशेबातून येतो. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे होते. मग या पडद्यावर पैसा का घालायचा? खरे आहे, तो क्वचितच पूर्ण आंधळे करतो. पण तो बुबुळाचा आकार ओढून चष्म्याचा नंबर वाकडा करतो, बाहुलीवर आला की नजरच अडवतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना घोळ घालतो. शिवाय नुसता कापला तर बऱ्याचदा पुन्हा उगवतो. डोळ्याच्याच पातळ आवरणाचा तुकडा तिथे लावला, तर ती शक्यता पुष्कळ घटते, पण त्याला वेळ आणि हातखंडा लागतो. शिवाय मोतीबिंदूच्या एका प्रकाराशीही उन्हातल्या अतिनील किरणांचा संबंध दाखवला गेला आहे. त्यामुळे दोन आजारांत निवड करण्याची वेळ येतच नाही. दोघांना अडवणारी सावली एकच.

शेतमजुराने गॉगल घालायचा का, हा टोमणा तेवढा उरतो. घामाने धूसर होणारी काच घालून दिवसभर खुरपणे अवघड आहे, हे मान्य. पण रुंद कडेची टोपी डोळ्यांपर्यंत पोचणारे अतिनील ऊन जवळपास निम्म्याने कमी करते. आणि काच काळीच हवी असेही नाही: कारखान्यात वापरतात तो पॉलिकार्बोनेटचा साधा पारदर्शक चष्मा बहुतेक सगळे अतिनील किरण अडवतो, बाजूने वळलेला असला तर उत्तमच. रोजगार हमीच्या कामावर सावली, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी हा नियम जुना आहे. त्यात टोपी-चष्म्याची भर घालायला नवे खाते लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची उचल ठरते तेव्हाच कोयत्यामागे ही जोडी कारखान्याने द्यावी, असे ठरवता येईल. फडात खेळणाऱ्या लेकरांसाठीही ती हवी, कारण लहानपणी डोळ्यांत साठलेले ऊनही पुढे जाऊन मोजले जाते. आणि शिबिरातल्या केसपेपरवर ‘काम काय, उन्हात किती वर्षे’ हा रकाना आजपासूनच घालता येतो.