बाद नाणी, चालू शब्द

नाणे बाद झाले की ते बँकेत जमा करण्याची मुदत जाहीर होते. शब्दाच्या बाबतीत अशी काही सोय नाही. तो बाद झाला तरी लोकांच्या तोंडात खुळखुळत राहतो. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात असे किती बाद शब्द रोज चालतात, इकडे मी गेले वर्षभर कान देऊन आहे. त्यातून माझे जे मत बनले ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडी उदाहरणे देतो. एखादा मित्र जरा विक्षिप्त वागला की आपण म्हणतो, "पावली कमी आहे." पावली म्हणजे चार आणे, रुपयाचा चौथा हिस्सा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावलीच्या जागी पंचवीस पैसे आले. ३० जून २०११ पासून तेही चलनातून गेले. म्हणजे बोलणाऱ्याने पावली पाहिलेली नाही आणि ज्याला बोलले त्यानेही नाही. तरी कमी काय आहे ते दोघांनाही बरोबर समजते!

स्नेहसंमेलनात नाटकापेक्षा मंडपाचा खर्च वाढला की कोणीतरी म्हणतेच, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." आता ही म्हण नव्या हिशोबात बसवून पाहा. "पंचवीस पैशांची कोंबडी आणि पंचाहत्तर पैशांचा मसाला" असे म्हटले तर गणित चुकत नाही, पण मसाल्याचा ठसका मात्र गेलाच.

वजनांचेही तेच. १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि शेर कायद्याने संपला. आजही आठवडी बाजारात "पावशेर मिरच्या द्या" म्हटले की बाई निमूटपणे २५० ग्रॅमचे वजन तागडीत टाकते. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा खरा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणजे जुन्या नावाने मागणारा फायद्यातच राहतो. नवटाक हा शेराचा आठवा हिस्सा. मिरच्या-मसाल्यातून तो हद्दपार झाला. पण दारूच्या बोलीत आणि दुसऱ्याची अक्कल मोजताना अजून हजर असतो.

सर्वांत ताजे उदाहरण "चारशेवीस" या शब्दाचे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले फसवणुकीचे हे कलम. १९५५ च्या 'श्री ४२०' चित्रपटाने तो आकडा घराघरांत नेला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. पण "तो अगदी तीनशेअठरा माणूस आहे" असे म्हणणारा मला तरी अद्याप भेटलेला नाही.

हे शब्द का टिकले असावेत? मला एक कारण सुचते. जुनी मापे अर्ध्या-अर्ध्याने उतरत जात. रुपया, अधेली, पावली, चवली. तिकडे शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक. भाकरीचे दोन तुकडे करावेत, त्यातल्या एकाचे आणखी दोन करावेत, असा हा हिशोब. त्याला पाटी-पेन्सिल लागत नाही. डोळा आणि हात पुरतात. आपण माणसांचीही पारख अशीच करतो. कोणी पूर्ण असतो, कोणी अर्धवट, कोणी पाऊणशहाणा. "त्याची अक्कल तेवीस टक्के कमी आहे" असे कोणी म्हणत नाही. शाळा न पाहिलेल्या माणसांनी हा हिशोब पिढ्यान् पिढ्या तोंडी चालवला. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. आजीला अक्षरओळख नाही, परंतु "सोळा आणे खरं" हे शब्द ती ज्या वजनाने उच्चारते, ते वजन मला "शंभर टक्के" म्हणून आणता येत नाही.

येथपर्यंत सर्वांना पटेल. खरा प्रश्न पुढे आहे.

यंदा वर्गात एका मुलीने बोलता बोलता "आणेवारी" हा शब्द वापरला आणि मागच्या बाकांवर हसू पिकले. हसणाऱ्यांना वाटले, ही कुठल्या जमान्यातली? आता कागदोपत्री "पैसेवारी" म्हणतात हे खरे. पीक सोळा आणे यायला हवे होते, त्यातले किती आले, हे सांगणारा तो आकडा. खरिपाची पैसेवारी नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या आत लागली की गाव सवलतींकडे डोळे लावून बसते. दुष्काळी सवलतींत जमीन महसुलाची सूट असते, तशी विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही असते. म्हणजे ज्या शब्दाला आपण हसलो, त्यावर आपल्याच वर्गातल्या कित्येकांची परीक्षेची फी अवलंबून असू शकते. गावात अजूनही "औंदा आणेवारी किती लागली?" असेच विचारतात. विचारणाऱ्याच्या पोटात तेव्हा गोळा आलेला असतो. हा शब्द जुना असेल, पण बाद नाही.

आणि गंमत अशी की, हसणाऱ्यांपैकीच काहीजण अत्यंत शुद्ध उच्चारात "तुला कशाला हव्यात चांभारचौकशा?" असे सहज विचारून जातात. घाईत उरकलेल्या कामाला "घिसाडघाई" म्हणतात. हे शब्द छापील मराठीतही सर्रास आढळतात, म्हणून कोणी त्यांना हसत नाही. पण त्यांत कोणत्या माणसांची नावे गुंफली आहेत? कातडे कमावून आपल्या पायांत वहाणा घालणाऱ्यांची आणि तापल्या लोखंडावर घण घालून आपल्याला विळे-कोयते देणाऱ्यांची. त्यांच्या धंद्याच्या नावाने आपण दोष दाखवतो, आणि त्यांची मुले आपल्याच शेजारी बसून ते ऐकतात. "तसा अर्थ मनात नसतो हो," असे उत्तर मिळते. नसेलही. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात काय येते, हे कोणी विचारले आहे काय?

म्हणून माझे म्हणणे असे : शब्द किती जुना आहे ही कसोटी चुकीची आहे. तो कोणाला खाली पाहायला लावतो, ही कसोटी धरावी. तिच्यावर आणेवारी आणि पावशेर सहज उतरतात. चांभारचौकशा आणि घिसाडघाई उतरत नाहीत, मग ते कितीही रूढ असोत. पावलीलाही याच दगडावर घासावे लागेल. मित्राला थट्टेने "पावली कमी" म्हणणे वेगळे, आणि ज्याला खरोखरच समज कमी आहे अशा मुलाला तसे हाक मारणे वेगळे. पहिले चालू द्यावे, दुसरे थांबवावे.

आपल्या मराठी विभागातील प्राध्यापकांना एक विनंती. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यानंतर नद्यांतून पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत गावाकडून असे दहा शब्द लिहून आणावेत, त्यांचा अर्थ घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावा आणि वर्गात त्यावर चर्चा व्हावी. कोणते शब्द ठेवायचे आणि कोणते टाकायचे याचा निवाडा मग आपण सर्वांनी मिळून करू. ज्यांच्या घरात पुस्तक नाही त्यांनाही त्या दिवशी वर्गात काही घेऊन येता येईल, आणि ते कोणापेक्षाही कमी भरणार नाही.