राज्य बुडाले, कोष्टके तरली

१३९८ साली तैमूरलंगाने दिल्ली लुटली, हे तुम्ही जाणता. पण त्याचा नातू उलुगबेग कितीजणांना ठाऊक आहे?

या राजाने समरकंदला वेधशाळा बांधली. दुर्बिणीचा शोध अजून लागायचा होता. तेथील कंसाकृती यंत्राची त्रिज्या सुमारे ४० मीटर होती. म्हणजे कंसावर एक अंश सुमारे ७० सेंटिमीटरचा! साहजिकच अंशाचा साठावा भागही नुसत्या डोळ्यांनी मोजता येई. १४३७ साली तेथे १०१८ ताऱ्यांची यादी सिद्ध झाली.

१४४९ मध्ये पुत्राच्याच कारस्थानाने उलुगबेगाचा वध झाला. वेधशाळा उद्ध्वस्त झाली. तिचे अवशेष १९०८ साली उत्खननात सापडले. कोष्टकांच्या नकला मात्र देशोदेशी गेल्या. अठराव्या शतकात सवाई जयसिंगानेही त्यांचा आधार घेतला.

माझे स्पष्ट मत असे, की इतिहासाच्या तासाला तैमूरच्या स्वारीइतकाच वेळ या कोष्टकांनाही मिळावा. शिक्षकांनी याचा जरूर विचार करावा. आणि तुम्ही? प्रयोगवहीत निरीक्षणे लिहिताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका. यंत्र मोडते, राज्य बुडते. प्रामाणिक नोंद मात्र परक्याच्याही उपयोगी पडते.