लेसर झाले, पण पडद्याचा फोटो?

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला दोष आला आणि लेसर करून घेतले, की घरात एकच वाक्य ऐकू येते, "डोळ्याचं काम झालं." आमचे म्हणणे असे, की काम तेव्हा निम्मेच झालेले असते.

लेसर गेलेली नजर सहसा परत आणत नाही. ते गळणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करते, नव्याने फुटलेल्या नाजूक वाहिन्या सुकवते आणि उरलेली नजर राखते. पण मधुमेह अंगात असतोच. वाहिन्या पुन्हा फुटू शकतात, पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते. डोळा दुखत नाही आणि सुरुवातीला दिसण्यातही फरक पडत नाही. म्हणून फोटो लागतो. साध्या रंगीत फोटोत रक्तस्राव दिसतो. ओसीटी तपासणीत पडद्याची जाडी मोजतात, त्यावरून सूज वाढली की उतरली हे कळते. सुई टोचत नाहीत, काही मिनिटांत होते.

मग आपली माणसे का जात नाहीत? थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, सोबतीला कुणीतरी लागते. शिरोलीच्या कारखान्यात किंवा धुण्याभांड्याच्या कामावर दोघांचाही रोज बुडतो. म्हणून सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. हा फोटो प्रशिक्षित कर्मचारीही काढू शकतो. वस्तीजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात तो काढून सीपीआरच्या नेत्रविभागाला पाठवावा, ही मागणी आपण महापालिकेकडे लावून धरली पाहिजे.

तोवर एवढे करू या. पुढची तारीख विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठायचे नाही. प्रत्येक फोटोची प्रत मागून एकाच फाईलमध्ये ठेवायची; जुना फोटो शेजारी असला, तर फरक लगेच कळतो. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचा. अचानक काळे ठिपके, जाळे किंवा सावली दिसली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचे.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांनी पुरा केला. लेसरचा शोध त्यांच्या परिनिर्वाणानंतर, 1960 साली लागला. त्यांना जे मिळाले नाही ते आज आपल्याला मिळते आहे. एका तपासणीवाचून ते वाया घालवायचे नाही.