फारकती झाली, सही तशीच राहिली

मागच्या आठवड्यात शेवटचा हप्ता भरला. चाळिसावा. ५,५०० रुपयांचा. काउंटरवरच्या पोरानं पावती फाडली आणि सवयीनं म्हणाला, "मॅडम, साहेबांना सांगा, खातं बंद झालं."

कुठले साहेब? आमच्या फारकतीला चार वर्षं होत आली.

कर्ज त्याचं होतं, टेम्पोसाठी घेतलेलं. माझी सही जामीनदार म्हणून. माझी नोकरी पक्की, म्हणून "मॅडमची सही चालते" असं ठरलं. दहा-बारा कागद, सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारलेल्या. मी फुल्या पाहिल्या, मजकूर वाचला नाही. ती चूक माझी, हे आधीच कबूल करते. पुढे संसार मोडला, टेम्पो विकला गेला, हप्ते थांबले आणि नोटीस माझ्या शाळेच्या पत्त्यावर आली.

एकूण २ लाख २० हजार भरले. या काळात लोकांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. शेजारची काकू म्हणे, "तू काहून भरून राह्यली वं? तुया काय संबंध आता?" आणि नात्यातले म्हणाले, "भरलंच पाहिजे, शेवटी नवरा होता." माझ्या मते दोन्ही चूक.

संबंध आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. आधी त्याच्याकडे मागा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या १०१ खाली वसुली दाखला काढते, तेव्हा जामीनदारही त्यात येतो. कोर्ट लग्न मोडतं, सही मोडत नाही.

पण "नवरा होता म्हणून" हेही खरं नाही. नुसती बायको आहे म्हणून नवऱ्याचं कर्ज बाईवर येत नाही. सही नसेल, ती सहकर्जदार नसेल, तर वसुलीवाल्याला दारातून परत पाठवायचा तिला पूर्ण हक्क आहे. मी भरलं ते सहीमुळे. बायकोचं कर्तव्य म्हणून नाही.

आणि जे कुणीच सांगत नाही ते हे: भरलेले पैसे परत मागता येतात. त्याच कायद्याचं कलम १४५ म्हणतं की जामीनदारानं रीतसर भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा त्याला हक्क आहे. मुदत, पैसे भरल्यापासून तीन वर्षं. म्हणून पावत्या जपा, शेवटच्या हप्त्याची वाट पाहत बसू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो.

आपल्याकडे सहीच्याही आधी सोनं जातं. सोयाबीनच्या पेरणीला पोत गहाण, काढणीला सोडवू म्हणायचं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका स्त्रीला २५ लाख रुपये द्यायला लावले. तिचं माहेरचं सोनं सासरच्यांनी आपली जुनी देणी फेडायला वापरलं होतं. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, स्त्रीधन तिचंच. नवऱ्यानं अडचणीत वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याची.

दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला आपण जिजाऊंपुढे डोकं टेकवतो. मग आपल्या जिल्ह्यातल्या पतसंस्था आणि बँकांकडे तीन साध्या गोष्टी मागायला काय हरकत आहे? सही घेण्याआधी जामीनदाराला एकटीला बसवून, नवरा समोर नसताना, मराठीत समजावून सांगा. तिला कागदांची प्रत द्या. आणि पहिला हप्ता चुकला की तिलाही लगेच कळवा. मला कळलं तेव्हा व्याजावर व्याज चढलेलं होतं. याला पैसा लागत नाही, नियत लागते.

ज्या बायका आज असं कर्ज फेडत आहेत त्यांना एवढंच सांगते. प्रत्येक पावती तुमच्या नावानं घ्या, "जामीनदाराकडून भरणा" असं लिहून घ्या. शेवटी नील दाखला घ्या. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून खातं बंद दिसतं का ते पाहा. मगच ते प्रकरण संपलं म्हणा.

मी दावा करणार का, असं सगळे विचारतात. करणार आहे. रागानं नाही. "जाऊ दे" म्हणत म्हणतच ते फुल्या मारलेले कागद माझ्यासमोर आले होते. परवा वकिलाला पावत्यांची फाईल दिली. घरी येताना लेकीसाठी सायकल घेतली, रोख पैसे देऊन. चाळीस महिने ती मागत होती.

कुणाच्या घरात जामीनदाराचा कागद असेल तर आज रात्री काढून वाचा. दोघांनी मिळून वाचा.